गादी गट, माती गट

पालखी मार्ग चौपदरी झाला तो वारकऱ्यांसाठी. दिवेघाट ते मोहोळ २२१ किलोमीटर, ८ नोव्हेंबर २०२१ ला भूमिपूजन, पायी चालणाऱ्यांना कडेनं वेगळी वाट, असा सगळा थाट. पण माउलींची पालखी माळशिरसला मुक्कामाला येणार वर्षातून एकदा. उरलेलं वर्षभर एवढ्या गुळगुळीत रस्त्याचं करायचं काय, हा प्रश्न गावातल्या बायकांनी कुणाला न विचारता सोडवला. आधी पहाटे चालणाऱ्या दिसायला लागल्या. कानटोपी, स्वेटर, साडी आणि खाली स्पोर्ट्‌स शूज. मग त्यांतल्या काहींना जिन्याखाली धूळ खात उभ्या असलेल्या सायकली आठवल्या.

यातली एकही सायकल बसणारीची स्वतःची नव्हती. पोरानं दहावीत हट्ट करून घेतलेली गिअरची सायकल. पोरगा पुण्याला शिकायला गेला, सायकल राहिली. पोरीची लेडीज सायकल. पोरगी नांदायला गेली, सायकल माहेरीच. शुगर निघाल्यावर डॉक्टरांनी सांगितलं म्हणून मालकांनी आणलेली. मालक दोनदा बसले, शुगर तशीच. घरोघरच्या सोडून दिलेल्या निश्चयांवर बसून आमचा सायकल ग्रुप निघाला.

पहिली तक्रार पायांची येईल असं वाटलं होतं. पाय काही बोलले नाहीत. बोलली ती बसायची जागा. आता ही तक्रार चारचौघींत मांडायची कशी? गुडघा दुखतो म्हणून सांगता येतं, गुडघेदुखीला समाजात मान आहे. कंबरेलाही आहे. इथं मात्र ‘जरा तिकडं’, ‘जरा मागं’ असं सुरू झालं. बँकेतल्या मॅडम ‘लोअर साइड’ म्हणाल्या. शेवटी शेजारच्या काकूंनी सायकल स्टँडला लावली आणि रस्त्याच्या मधोमध जाहीर केलं, ‘‘बूड दुखतंय माझं. तुमचं न्हाई दुखत?’’ सगळ्यांचंच दुखत होतं.

तिथून ग्रुपमध्ये दोन तट पडले. महाराष्ट्र केसरीला गादी गट आणि माती गट असतात, तसे. काहीतरी मऊ घेतल्याशिवाय उद्या येणार नाही म्हणणारा गादी गट. आणि ‘आपल्या आया काय गाद्या लावून बसत हुत्या का’ म्हणणारा माती गट. माती गटाच्या म्होरक्या अर्थातच काकू. दुखणं सगळ्यांत आधी मान्य केलं त्यांनी, पण औषधाला विरोधही त्यांचाच.

गादी गटानं सुरुवात केली ती सीटपासून. आमच्या धाकट्या जाऊबाई सीट काढून पिशवीत घालून कुशनवाल्याकडं गेल्या. हा माणूस ट्रॅक्टरची आणि मोटारसायकलची सीटं शिवतो. त्यानं सीट हातात घेऊन उलटीपालटी केली, अंगठ्यानं दाबली.

‘‘किती इंची टाकू?’’

‘‘मऊ टाका.’’

‘‘मऊ टाकतो की, पण ताई, ट्रॅक्टरवाल्याला दिवसभर बसायचं असतं. त्याला मी कडकच फोम देतो. मऊ फोम दुकानात बरा लागतो, रानात न्हाई.’’

जाऊबाईंनी ऐकलं नाही. तीन इंची मऊ फोम, वर मरून रेक्झिन, कडेला पांढरी पायपिंग, अशी सीट तयार झाली. बसल्यावर पहिली दहा मिनिटं जाऊबाईंचा चेहरा नव्या सोफ्यावर बसल्यासारखा खुलला. अकलूज फाट्याच्या पुढं तो उतरायला लागला आणि परतताना त्या पायडलवर उभ्या राहून आल्या.

कुशनवाला जे म्हणाला ते सायकलच्या शास्त्रातही तसंच आहे. सायकलवर आपलं वजन पेलतात ती ओटीपोटाच्या तळाशी असलेली दोन हाडं. सीट फार मऊ असली की ही हाडं तिच्यात रुततात, मधला फोम वर उचलला जातो आणि भार हाडांवरून निघून मधल्या नाजूक भागावर येतो. दुकानात बोट दाबून ‘किती छान मऊ आहे’ म्हणावं अशी सीट तासाभरानं वैरीण होते ती यामुळं. जेलची कव्हरंही त्याच जातीची. शिवाय वळणावर ती सरकतात आणि आपण गावाकडं तोंड करून बसलेल्या असताना कव्हर वेळापूरकडं बघत असतं.

अजून एक गोष्ट आहे, आणि ती फुकट असल्यामुळं तिच्याकडं कुणी बघत नाही. सीटची उंची. आमच्याकडं बाई सायकल घेऊन दुकानात गेली की दुकानदार न विचारता सीट शेवटपर्यंत खाली ठोकतो, कारण दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. टेकतात. पण मग पायडल मारताना गुडघे पोटाला लागतात, पायांना जोर मिळत नाही आणि अंगाचं सगळं ओझं बुडावर बसून राहतं. पायडल सगळ्यात खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील इतकी सीट वर हवी, आणि तिचं नाक आभाळाकडं नको. हे सांगितल्यावर अंगणवाडीतल्या ताई म्हणाल्या, ‘‘आणि थांबायचं झालं तर?’’ थांबायचं झालं तर सीटवरून पुढं उतरायचं. ही साधी युक्ती अंगी मुरेपर्यंत दुभाजकाला दोन बायका टेकल्या.

सीट झाली. तरी दुखणं पुरतं जाईना. मग कुणाच्या तरी पुण्याच्या भाचीनं सांगितलं की सीटला गादी लावायचीच नसते, गादी अंगाला लावायची असते. सायकलवाल्यांच्या चड्डीतच पॅड शिवलेला येतो.

गादी गट चड्डी शोधायला बाजारात निघाला. पहिल्या दुकानात मी विचारलं, ‘‘भाऊ, लेडीज सायकलिंग शॉर्ट आहे का?’’

‘‘सायकलिंग? आहे की. कितवीला आहे मुलगी?’’

आपल्याकडं सायकलिंग म्हणजे शाळेच्या स्कर्टच्या आत घालायची ती काळी, नेव्ही ब्लू चड्डी. तिचा सायकलशी संबंध एवढाच की ती घालून पोरी रिक्षानं शाळेत जातात. मी म्हटलं, मलाच पाहिजे. भाऊंनी माझ्याकडं पाहिलं, मग छताकडं पाहिलं. मी म्हटलं, ‘‘पॅडवाली पाहिजे.’’ भाऊंच्या चेहऱ्यावर एकदम समजूत आली. आत गेले आणि वर्तमानपत्रात गुंडाळून, वर काळी पिशवी चढवून एक पुडकं हलकेच सरकवलं. त्यात काय होतं ते महाराष्ट्रातल्या कोणत्याही बाईला सांगायला नको. पैसे देऊन घेऊन आले. लागतंच घरात.

पुढच्या दुकानात माल होता, पण पुरुषी. ‘‘युनिसेक्स आहे ताई, कुणीही घाला.’’ इथं मात्र हट्ट धरायला पाहिजे. बाईची बसायची हाडं साधारणपणे पुरुषापेक्षा जास्त अंतरावर असतात. म्हणून बायकांचा पॅड मागं रुंद असतो आणि पुढं आखूड. पुरुषांचा पुढं लांबतो, आणि त्याची सोय ज्या कारणासाठी केलेली असते ते कारण आपल्याकडं नसल्यामुळं तेवढा फोम पुढं गोळा होऊन बसतो. युनिसेक्स या प्रकारात बाईच्या वाट्याला पुरुषाचं उरलेलं येतं, हा अनुभव चड्डीपुरता नाही, पण लेख चड्डीवर आहे.

शेवटी ऑनलाइन मागवली. पाचशे-सहाशेपासून चार-पाच हजारांपर्यंत माल दिसतो. मी मधला गाठला. पार्सल आलं तेव्हा मी शाळेत, घरी आत्या. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. आत्यांनी आयुष्यात न फोडलेलं पार्सल नाही. मी आले तेव्हा त्या ओसरीवर बसून चड्डी उलटी करून मांडीवर घेऊन बघत होत्या.

‘‘ही कुणाची गं?’’

‘‘माझी, आत्या. सायकलची.’’

‘‘सायकलची म्हंजी, सायकलीला घालायची?’’

‘‘नाही, मला. सायकलवर बसताना.’’

त्यांनी पॅडच्या कडेवरून बोट फिरवलं, दोन बोटांत दाबला, सोडला, परत दाबला. आत्यांची कापडाची पारख अशी की साडीच्या दुकानात सेल्समन त्यांच्याशी वाद घालत नाहीत. ‘‘शिवण बेस हाय,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मधी सांधा न्हाई ठिवला. नायतर टोचला असता.’’ पॅड घेताना बघायची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट त्यांनी पाचवी शिकलेल्या बोटांनी ओळखली होती. मग म्हणाल्या, ‘‘पर आमाला ह्येची कधी गरज पडली न्हाई. लुगड्याचा कासोटाच इतका जाड व्हायचा.’’

हा मुद्दा मी दुसऱ्या दिवशी ग्रुपमध्ये मांडला आणि काकूंनी तो झेलला. बघा, नऊवारीत गादी अंगचीच होती! पण नुसतं जाड असून भागत नाही. कासोट्याला चुण्या असतात. बैलगाडीत किंवा घोड्यावर एका जागी बसायला त्या चालतात. सायकलवर मांड्या मिनिटाला पन्नास-साठ वेळा खालीवर होतात आणि प्रत्येक चुणी प्रत्येक वेळी तिथंच घासते. वर सोलापुरी घाम. पॅडचं निम्मं काम मऊपणाचं असतं. उरलेलं निम्मं म्हणजे घाम शोषायचा आणि कातडी घासू द्यायची नाही. चड्डी अंगाला घट्ट असते ती त्यासाठी. फॅशन म्हणून नव्हे.

यावरून निघाला तो या प्रकरणातला सगळ्यात स्फोटक नियम. पॅडच्या चड्डीच्या आत दुसरं काही घालायचं नाही.

हे मी बोलले तेव्हा आम्ही खुडूसच्या अलीकडं चहाला थांबलो होतो. टपरीवाला गाळणं धुवायला गेला होता, ही विठ्ठलाची कृपा. बँकेतल्या मॅडमनी कप खाली ठेवला.

‘‘काहीच नाही?’’

‘‘काहीच नाही. आतल्या चड्डीचं इलॅस्टिक आणि शिवण बरोबर त्याच जागी येते जिथं भार असतो. सुती कापड घामानं ओलं होऊन बसतं. त्यानंच सोलपटतं.’’

‘‘पण काहीच नाही?’’

‘‘आगं पर हीच चड्डी हाय न्हवं,’’ काकू म्हणाल्या. ‘‘जाड हाय म्हणून ती चड्डी न्हाई हुईत का?’’ माती गटाच्या म्होरक्यांनी केलेलं हे स्पष्टीकरण मी वाचलेल्या कोणत्याही माहितीपेक्षा सरस आहे. मॅडमना ते पटायला वेळ लागला. त्यांच्या मते आईनं जन्मभर जे एकच शिकवलं ते एका पॅडपायी सोडायचं म्हणजे जरा जास्त होतं.

आता निवड. जी बाई सकाळी तासभर, फार तर दोन तास सायकल चालवते, तिनं शर्यतवाल्यांचा जाडजूड पॅड घेऊ नये. तो वाकून, हँडलला छाती लावून चालवणाऱ्यांसाठी बेतलेला असतो. आपण बसतो सरळ, रस्त्यावरच्या प्रत्येकाला ‘निघालात का’ विचारत. सरळ बसणारीचा भार मागं येतो, म्हणून पॅड मागं रुंद पाहिजे, पातळ चालेल, पण दाट पाहिजे. अंगठ्यानं दाबल्यावर पलीकडचं बोट लगेच लागलं तर तो पॅड दिवाळीपर्यंत टिकणार नाही. कंबरेला बारीक इलॅस्टिक नको, रुंद पट्टा हवा. दोन बाळंतपणं झालेल्या पोटावर बारीक इलॅस्टिक काय करतं ते सांगायला नको. मांडीवरची पट्टी धरून ठेवणारी हवी, वळ उठवणारी नको. आणि आरशासमोर ताठ उभं राहून पसंती द्यायची नाही. हँडल धरल्यासारखं वाकायचं. उभं असताना पॅड लोंबत असेल तर माप मोठं, वाकल्यावर कंबर उघडी पडत असेल तर उंची कमी, आणि वाकल्यावर कापडातून ट्यूबलाइट दिसत असेल तर ती चड्डी दुकानदाराला परत. रंग काळा. यावर चर्चा नाही.

खांद्यावरून पट्टे येणारा एक प्रकार मिळतो. तो कंबरेला काचत नाही, पॅड जागचा हलत नाही, सगळं उत्तम. फक्त लघवीला जायचं झालं की वरचा टॉप उतरवण्यापासून सुरुवात. माळशिरस ते वेळापूर या पट्ट्यात उसाच्या फडाशिवाय दुसरी सोय नसताना हा प्रकार कुणी घ्यावा असं मला वाटत नाही.

माझं मत विचाराल तर आपल्या गावांसाठी खरी चीज म्हणजे लायनर. पातळ, जाळीदार, पॅडवाली आतली चड्डी. वर सलवार घाला, ट्रॅक पँट घाला, कुर्ता घाला, जगाला काही कळत नाही. सलवारीचा घोळ तेवढा उजव्या पायाला रबरबँडनं बांधायचा, नाहीतर चेन तो खाते. ओढणी घरी ठेवायची, तिच्यावर मागच्या चाकाचा डोळा असतो.

जगाला कळत नाही हे महत्त्वाचं, कारण जग टपरीवर बसलेलं असतं. गंमत बघा. रविवारी पंढरपूर-अकलूजकडचे पुरुष सायकलवाले याच रस्त्यानं जातात. डॉक्टर, वकील, प्राध्यापक. अंगाला पोपटी लायक्रा अशी चिकटलेली की शरीरशास्त्राचा तक्ता चाललाय. ज्या डॉक्टरांसमोर आपण आठवडाभर अदबीनं जीभ बाहेर काढतो ते त्या वेशात चहा पितात आणि टपरीवरचा एकही माणूस मान वर करत नाही. उलट ‘सर, किती किलोमीटर झालं?’ आणि आमच्यातल्या एकीनं कुर्ता गुडघ्याच्या वर घातला तर संध्याकाळी तिच्या मालकांना दूध डेअरीवर ते कळतं.

तशी या चड्डीची कुळकथा लायक्राच्या आधीची आहे. लायक्रा अलीकडचं, १९५८ साली अमेरिकेत ड्युपॉन्ट कंपनीत जोसेफ शिव्हर्सनं शोधलेलं. त्याआधी शर्यतवाले लोकरीची चड्डी घालत आणि तिला आतून कातडं शिवलेलं असे, आल्प्सच्या डोंगरात शॅमॉय नावाचं बकरीच्या गोतातलं जनावर असतं त्याचं. धुतलं की ते वाळून पापड व्हायचं, म्हणून त्याला मलम चोळून मऊ करायचं. कातडं गेलं, कृत्रिम कापड आलं, तरी मलम राहिलं. आता ते अंगाला लावतात. कुणी कुणी फ्रेंच शर्यतवाले चड्डीत कच्च्या मांसाचा काप ठेवून बसत असंही सांगतात. हे मी माळकरी काकूंना सांगायला नको होतं. त्या दिवशी त्यांनी माझ्या डब्यातले पोहे खाल्ले नाहीत.

माती गटानं मात्र हार मानली नव्हती. त्यांनी गावातल्या ब्लाउज शिवणाऱ्या ताईंना गाठलं. पॅडेड ब्लाउजचे कप त्यांच्याकडं डझनानं असतात. दोन कप चपटे करून लेगिंगला आतून शिवायचे, खर्च साठ रुपये. कल्पनेत खोट नव्हती. दोन हाडं, दोन कप. पण कप शेवटी कपच. पहिल्याच चढावर एक पुढं आला, एक मागं गेला. काकू सायकलवरून उतरून रस्त्याच्या कडेला पाठमोऱ्या उभ्या राहिल्या, काहीतरी ओढाताण केली आणि न बोलता परत चढल्या.

गादी गटाची अडचण वेगळी. चड्डी रोज धुवायची, उलटी करून, साध्या साबणानं. कपडे मऊ करायचं ते सुगंधी पाणी वापरायचं नाही, त्यानं कापडाचं घाम ओढणं जातं. आणि वाळवायची सावलीत, पण पॅड बाहेर ठेवून, नाहीतर आत ओल राहते आणि बुरशी. म्हणजे गॅलरीतल्या दोरीवर, गल्लीकडं तोंड करून, काळ्या कापडात तो निळा-गुलाबी पॅड दिवसभर माळशिरसला दर्शन देतो. समोरच्या आजींनी विचारलं, ‘‘लेक बाळंतपणाला आलीया व्हय?’’ मी हो म्हटलं. समजावण्यापेक्षा ते सोपं होतं.

पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीनं २०१८ मध्ये वयाच्या विसाव्या वर्षी १५९ दिवसांत जवळपास २९ हजार किलोमीटर, म्हणजे जगाचा फेरा सायकलवर मारला. तिला समोरच्या आजी नव्हत्या असं मला सारखं वाटतं. नाहीतर तिनं अस्वलं, चोर आणि थंडीच्या आधी हे सांगितलं असतं.

आमचा फेरा वेळापूरपर्यंतचा. जायचं, अर्धनारीनटेश्वराला हात जोडायचे, यायचं. पॅड घातलेल्या आणि न घातलेल्या सगळ्या सोबत निघाल्या. मंदिराच्या ओट्यावर माती गट उभ्यानंच प्रसाद खात होता. मॅडम बसल्या होत्या, मांडी घालून. त्यांनी आतला प्रश्न कसा सोडवला ते कुणी विचारलं नाही. काकू बराच वेळ त्यांच्याकडं बघत होत्या. मग पुजाऱ्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, ‘‘कितीला पडली गं तुझी?’’

आता बेत पंढरपूरचा आहे. पन्नास-पंचावन्न किलोमीटर, एकादशीची गर्दी टाळून. घरी सांगितल्यावर आत्यांनी काही हरकत घेतली नाही. त्या स्वतः आषाढीला जातात, पण गुडघ्यांमुळं आता चालणं होत नाही, दिंडीच्या ट्रकात सामानावर बसून जातात. रात्री भांडी आवरताना म्हणाल्या, ‘‘ती तुझी चड्डी, तसली एक मला मागीव. ट्रकात लई हादरं बसत्यात.’’

‘‘आत्या, तुम्ही? लुगड्यात?’’

‘‘मग? लुगड्याच्या आत कोण बघाया येतंय? आन् जरा मोठ्या मापाची मागीव. युनि-फिनि नगं.’’